टपावरचे सहा दिवे

गाडीचे दिवे घ्यायला आलेला माणूस आधी दिव्यासमोर जाऊन उभा राहतो. म्हणतो, लावा बघू. मी लावते. तो डोळे मिटतो, मान फिरवतो, हसतो आणि म्हणतो, वा, काय पॉवर आहे. अरे शहाण्या, तू गाडीसमोर उभा राहून गाडी चालवणार आहेस का? सीटवर बस, काचेतून बघ, पुढचा खड्डा दिसतो का ते सांग. पण नाही. बावीस वर्षं मी गाड्यांच्या वायरी जोडतेय, बावीस वर्षं हेच घसा फोडून सांगतेय, आणि गिऱ्हाईक आपलं समोर उभं राहून दिपतं आणि खूश होऊन घरी जातं.

ही अक्कल माझी नाही, अप्पांची. माझ्या वडिलांची. ही शेड त्यांनीच उभी केली. लांबट शेड, मागची भिंत पांढरी. भिंतीवर बॉनेटच्या उंचीला एक काळी रेघ. तिथून तीस पावलांवर जमिनीवर पिवळी रेघ. गाडी पिवळ्या रेघेवर लावायची, शटर खाली ओढायचं, दिवे लावायचे. एकानं सीटवर बसायचं आणि एकानं भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, तेलाच्या पिंपाशी, उभं राहायचं. तिथं उजेडाची कड येते. पिंपाशी उभ्या असलेल्यानं हात वर करून बोटं दाखवायची, सीटवरच्यानं मोजायची. मी आठ वर्षांची असताना अप्पांनी मला उशीवर बसवून स्टिअरिंगमागे ठेवलं आणि पिंपाशी जाऊन तीन बोटं वर केली. मी "तीन" असं काही ओरडले की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे तीनच बोटं. हसायचा विषय झाला होता तो घरात. पुढे शेड माझ्याकडे आली, मी पिंपाशी आणि अप्पा सीटवर अशी अदलाबदल झाली, तरी बोटं तीनच राहिली. कड नीट उमटते का, तीन बोटं तीन वेगळी दिसतात का, बघायचं ते एवढंच.

तर हा माणूस, हा दिव्यांचा गुरू, सोमवारी दुपारी काखेत एक लांबलचक खोका मारून शेडमध्ये आला आणि म्हणाला, हे घोडीच्या टपावर बसव.

घोडी म्हणजे अप्पांची गाडी. चारही चाकांना ताकद असलेली, पत्र्याला पोचे पडलेली, वीस वर्षांची. दर गुरुवारी ती दवाखान्याच्या कामाला जाते. सिस्टर आणि लसींचा बर्फाचा डबा घेऊन वरच्या चार वस्त्यांवर. पुलापर्यंत रस्ता आहे. पुलानंतर नुसते दगड, मग ओढा, आणि ओढ्यानंतर कड्याची वाट. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि मध्ये गाडी जाऊन वर हातभर जागा उरेल एवढी रुंदी. दवाखान्याचे बाकीचे ड्रायव्हर पुलावरून गाडी वळवतात. अप्पा एकटे वर जातात. त्याचा त्यांना केवढा अभिमान आहे, ते मला विचारा. रोज ऐकलंय.

खोका उघडला. आत पट्टीवर बसवलेले सहा दिवे. पांढरे. एकेक थाळीएवढा. लग्नाच्या मांडवात लावले तर नवरानवरी पळून जातील. मी म्हटलं, हे काय आहे? अप्पा म्हणाले, दिवे. म्हटलं, ते मलाही दिसतंय. कुणाच्या सांगण्यावरून आणलेत?

मग मी त्यांना त्यांचाच धडा त्यांनाच वाचून दाखवला. टपावरचा पांढरा उजेड आधी आपल्याच बॉनेटवर पडतो आणि तिथून उलटा आपल्या डोळ्यांत घुसतो. माळावर, मोकळ्या हवेत, लांबचं बघायचं असलं तर टपावरचे दिवे ठीक. तेही पट्टी मागे सरकवून, टपाची कड बॉनेटवर सावली धरेल अशी. पण कड्याच्या वाटेवर निम्मं वर्ष धुकं असतं. धुक्यात वरून पांढरा उजेड मारला की धुकंच उजळतं, पलीकडचं काही दिसत नाही. धुक्याला दिवे खाली लागतात, बंपरपाशी, पिवळे, पसरट. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना?

अप्पा म्हणाले, "जास्त उजेड, जास्त दिसतं. साधी गोष्ट आहे, ठिणगे. बसव."

ठिणगी म्हणजे मी. हे नाव विजेच्या कामामुळे पडलं असं अप्पा सांगतात. आई वेगळं सांगते.

मी म्हटलं, आधी पिवळ्या रेघेवर गाडी लावू, सीटवर बसून बघा, मग ठरवू. तर म्हणे, आज नको, कंबर धरलीय. कंबर धरलेला माणूस तो खोका काखेत घेऊन चालत आला होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बावीस वर्षं मी लोकांना अप्पांचं नाव घेऊन शिकवतेय आणि अप्पा स्वतः दिव्याच्या तोंडासमोर उभे राहून दिवे घेऊन आले. तेही दुसऱ्याच्या दुकानातून. पोटच्या मुलीचं दुकान असताना.

मंगळवारी मी तो खोका घेऊन त्या दिवेवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात भिंतभर फळी आहे, फळीवर चाळीस दिवे, आणि एकेकाला बटण. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, हा बटणं दाबतो. झाला धंदा. मी त्याला म्हटलं, सहासष्ट वर्षांच्या माणसाला धुक्याच्या वाटेसाठी हे गळ्यात मारताना काही वाटलं नाही का? तो बिचारा हातच जोडायला लागला. म्हणाला, ताई, मी त्यांना पिवळेच दाखवत होतो, त्यांनीच ऐकलं नाही. तासभर उभे होते. प्रत्येक दिव्याला एकच विचारायचे, याहून जास्त आहे का? सगळ्यात मोठा लावला, तर म्हणाले, याहून जास्त? मी म्हटलं, याहून जास्त विमानतळावर मिळेल. मग खोक्यावर काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. चष्मा विसरले होते.

अप्पा चष्मा विसरत नाहीत. चष्मा दोरीनं गळ्यातच असतो त्यांच्या. पण मी तेव्हा रागात होते, आणि रागात मला ऐकू येतं ते सगळं माझ्या रागाच्या कामाचंच असतं. मी एवढंच ऐकलं की म्हातारपणी बापाला हौस सुटली आहे. पोरांसारखी टपावर रोषणाई करून मिरवायचंय. परत घेणार का विचारलं, तर तो नाही म्हणाला. खोका घेऊन पाय आपटत परत आले.

बुधवारी अप्पांनी निर्वाणीचं सांगितलं. तू बसवत नसशील तर तो दिवेवाला बसवून देईल, ड्रिल घेऊन तयार बसलाय. टपाला भोकं पाडून. म्हणजे पहिल्याच पावसात सिस्टरच्या डोक्यावर नळ. मी म्हटलं, थांबा, कुणी माझ्या घोडीला भोकं पाडणार नाही. मी कॅरिअरला क्लॅम्पवर बसवते. पण एका अटीवर. शटर ओढायचं, तुम्ही सीटवर बसायचं, आणि तीन बोटं मोजायची. मोजलीत की मी हरले. जन्मात पुन्हा बोलणार नाही.

मी पट्टी चढवून वायरी जोडेपर्यंत त्यांनी खूप टाळाटाळ केली. चहा प्यायचा होता. मग कुणाला तरी फोन करायचा होता. मग म्हणाले, तुझा बाप चाळीस वर्षं गाडी चालवतोय, त्याची परीक्षा घेतेस? मी म्हटलं, बापाची नाही, दिव्यांची घेतेय. बसा.

शेवटी बसले. दाराची कडी त्यांनी दोनदा चाचपली, तेही मी बघितलं आणि सोडून दिलं. शटर ओढलं. भर दुपारी आत अंधार झाला. मी बटण दाबलं, सहाच्या सहा दिवे पेटले, आणि शेडमधला खिळा न् खिळा उघडा पडला. मी तणतणत पिंपाशी गेले. इतकी चिडले होते की हात वर करायचं भानच राहिलं नाही. दोन्ही हात काखेत घट्ट आवळून उभी राहिले आणि ओरडले, "किती?"

"तीन," अप्पा म्हणाले.

मला आधी वाटलं, माझीच चूक झाली. खाली बघितलं. हात काखेतच होते. मी हळूच ते बाहेर काढले, पाठीमागे नेले, आणि पुन्हा विचारलं, "आता?"

"तीनच की. कितीदा विचारशील?" आणि ते हसले. आठ वर्षांच्या पोरीशी हसावं तसे.

मी दिवे बंद केले. शटर वर ढकललं. गाडीचं दार उघडलं आणि त्यांच्या तोंडासमोर दोन्ही हात धरले, रिकामे. म्हटलं, "मी बोटं दाखवलीच नव्हती, अप्पा. केव्हापासून?"

त्यांनी गळ्यातला चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, उजेड पाठीमागून आला की जरा त्रास होतो. म्हटलं, केव्हापासून? म्हणाले, सकाळचं बरं असतं. म्हटलं, केव्हापासून? तेव्हा म्हणाले, दीड वर्ष.

दीड वर्ष. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि दवाखान्याच्या कामाला दरवर्षी डोळ्यांचा दाखला लागतो, तो कसा मिळाला? ते त्यांनी सांगितलं ना, तेव्हा मला कुठं डोकं आपटून घेऊ असं झालं. तपासणीच्या रांगेत ते मुद्दाम शेवटी उभे राहिले. पुढचे दहा जण भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते. दहाव्यापर्यंत अप्पांची अक्षरं पाठ. मग जाऊन घडाघडा म्हणून दाखवली. शेवटची बारीक ओळसुद्धा. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत. हे सांगताना त्या माणसाच्या आवाजात जरा कौतुक होतं, मी शपथेवर सांगते.

आणि घोडीची उजवी पायरी वाकली होती गेल्या महिन्यात, ती? गुरानं धडक दिली म्हणून सांगितलं होतं. त्या गुराला आणि त्याच्या मालकाला शिव्या घालत मीच ती पायरी ठोकून सरळ केली होती. ती धडक गुराची नव्हती. कड्याच्या वाटेवरचा कठड्याचा दगड होता. कठड्याचा. त्याच्या पलीकडे काही नाही.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारचा टायरवाला येऊन दारात उभा राहिला आणि गुपचूप परत गेला, यावरून समजा. घोडीची किल्ली काढून खिशात घातली आणि तडक घरी गेले.

आई भाजी निवडत होती. मी सांगायला लागले, तर तिनं मान वर केली नाही. तिथंच मला कळलं. तिला माहीत होतं. चहा कपाच्या बाहेर ओतला गेला, तेव्हापासून माहीत होतं. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं असतं तर तू आरडाओरडा केला असतास.

"मग काय त्यांना हार घातला असता?"

आई म्हणाली, ऑपरेशनचं नाव काढलं की ते जेवण सोडून उठतात. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतरच गेला होता, पू होऊन. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून अप्पांनी धरून ठेवलंय, आहे तेवढं बरं. मी म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी फोनला दोरी होती, आता आहे का? तर म्हणे, हे तू त्यांना सांग. म्हणजे दीड वर्ष हिनं मूग गिळले आणि बोलायची पाळी माझी.

मग सिस्टरना फोन केला. म्हटलं, बाई, तुमच्या जिवाला धोका आहे. उद्या अप्पांबरोबर जाऊ नका, त्यांना दिसत नाही.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत आहे. मी शेजारी बसून रस्ता बोलते. ते चालवतात."

दीड वर्ष ही बाई मांडीवर लसींचा डबा घेऊन, दरीच्या कडेनं, एका न दिसणाऱ्या माणसाला डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत होती. मी विचारलं, तुम्हाला अक्कल आहे का? एवढ्या शिकलेल्या तुम्ही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वर सत्तर मुलं आहेत. दुसरा कुणीही पुलाच्या पुढे येत नाही. तक्रार केली तर अप्पा बंद होतील आणि त्यांच्याबरोबर वस्त्याही बंद होतील. तुम्ही सांगा, मी कुणाबरोबर जाऊ?

अडचणीत सापडले की माझा आवाज आणखी चढतो. मी म्हटलं, माझ्याबरोबर. उद्या पाचला. आणि फोन ठेवला.

म्हणजे काय झालं बघा. दवाखान्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून एक माणूस दरीच्या कडेला नेऊन ठेवला होता, आणि सगळ्यांची कारणं बरोबर होती.

संध्याकाळी मी माझ्या फळीवरचे दोन जुने पिवळे दिवे काढले, पुसले आणि घोडीच्या बंपरला खाली बसवले. टपावरची पट्टी उतरवायला वेळ नव्हता. खोटं कशाला बोलू, वेळ होता. पण ती तिथं राहू दे असं वाटलं. त्यांनी बघावी म्हणून. मग आठवलं की त्यांना ती दिसणारही नाही, आणि स्वतःचाच राग आला.

गुरुवारी पाचला अप्पा माझ्याआधी गाडीशी हजर. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, तुम्ही घरी राहा. म्हणाले, तुला वाट माहीत नाही. मी म्हटलं, सिस्टरना माहीत आहे. म्हणाले, सिस्टरना वळणं माहीत आहेत, चाक कुठं घालायचं ते माहीत नाही. आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सिस्टर डबा घेऊन मागे बसल्या.

पूल ओलांडला. मी उतरून सवयीनं टपावरच्या दिव्यांची झाकणं काढली. रस्त्यावर ती काढायला बंदी असते, पण आता रस्ता संपला होता. पट्टीचं बटण मी स्टिअरिंगच्या बाजूला बसवलं होतं, त्याला हात लावला नाही. खालचे पिवळे लावले आणि निघाले.

अप्पा सांगायला लागले. पुढे दोन दगड आहेत, डावं चाक डाव्या दगडावर चढव. चढवलं. आता खड्डा, तो पोटाखाली घे. घेतला. ओढ्यात थांबू नकोस, एका दमात. एकही चूक नाही. जिथं म्हणतील तिथं दगड, जिथं म्हणतील तिथं खड्डा. दुसऱ्या कुणाला कौतुक वाटलं असतं. मला मात्र एकेका दगडाला जास्त राग येत होता. कारण मला आता कळत होतं की हा माणूस दीड वर्ष रस्ता बघून चालवत नव्हता, पाठ म्हणत होता. अक्षरांसारखा. तीन बोटांसारखा.

कड्याच्या वाटेला लागलो आणि धुकं आलं. उजाडायला लागलं होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. पिवळे दिवे जेमतेम चार-पाच पावलं दाखवत होते. उजवीकडे दरी आहे हे फक्त तिकडून येणाऱ्या गार वाऱ्यावरून कळत होतं. मी पहिल्या गिअरमध्ये सरकत होते आणि भांडत होते. गप्प राहिले असते तर भीती वाटली असती. म्हटलं, दिसत नव्हतं तर थांबायचं होतं. म्हटलं, तोंड होतं ना सांगायला. म्हटलं, इथून मागे बसलेल्या बाईला घेऊन खाली गेला असता तर मी तिच्या घरी जाऊन काय सांगणार होते, की आमच्या अप्पांना अभिमान फार होता?

अप्पा सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ठिणगे, वरचे लाव."

मी म्हटलं, धुक्यात? डोकं ठिकाणावर आहे का?

"लाव."

रागानंच बटण दाबलं. घ्या म्हटलं, हौस फिटू दे.

सगळं पांढरं झालं. रस्ता गेला, डोंगर गेला, माझं स्वतःचं बॉनेट गेलं. काचेला कुणी आतून चुना फासावा तसं. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. स्टिअरिंगवरचे माझे हात तेवढे मला दिसत होते, दुसरं काही दिसतच नव्हतं.

"काय दिसतं?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"मला रोज एवढंच दिसतं. भर उन्हात सुद्धा. म्हणून वाटलं, याहून मोठा उजेड मारला तर हे फाटेल आणि मागचं दिसेल." मग म्हणाले, "त्या दुकानात एकही दिवा पुरला नाही."

मी बटण बंद केलं. डोळे सरावायला वेळ लागला. मग हळूहळू पिवळा उजेड परत आला, आधी चाकापाशी, मग पुढे.

चार पावलांवर धोंडा होता. टपाच्या उंचीचा. वरून सुटून आलेला, अर्ध्या वाटेत बसलेला.

मी कसंबसं विचारलं, "अप्पा, पुढे काय आहे?"

"सरळ. पन्नास पावलं सरळ, मग डावीकडे."

"धोंडा आहे."

"इथं धोंडा नाही," ते ठामपणे म्हणाले.

अप्पांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, डोंगराकडे उतरले, एक हात बॉनेटवर ठेवून पुढे गेले, आणि बॉनेट संपल्यावर दोन्ही हात पुढे धरून चालायला लागले. पिवळ्या उजेडात इस्त्रीचा शर्ट. दोन पावलं, तीन पावलं. हात दगडाला लागले. त्यांनी तो धोंडा सगळा चाचपला. खालून वर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग तिथंच उभे राहिले. मला वाटलं ओरडावं, या आता, कळलं ना. नाही ओरडले.

परत येऊन बसले तेव्हा तळहाताला ओली माती होती. ती त्यांनी इस्त्रीच्या शर्टालाच पुसली.

"गेल्या गुरुवारी नव्हता," म्हणाले.

"नव्हता," सिस्टर मागून म्हणाल्या.

मग अप्पांनी मान न वळवता विचारलं, "सिस्टर, ऑपरेशनचा नंबर कधीचा मिळेल?"

"सोमवारचा. मी तुमचं नाव दर महिन्याला घालते आणि दर महिन्याला काढते."

मी गर्रकन वळले. आणखी एक गोष्ट, जी सगळ्यांना माहीत होती आणि मला नव्हती. पण सिस्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, मांडीवरचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, आणि वर सत्तर मुलं होती. शिव्या गिळल्या.

नशिबानं वाट तिथं जरा रुंद होती, डोंगराच्या बाजूनं जेमतेम गाडी जाईल एवढी फट होती. सिस्टर उतरून धोंड्यापलीकडे गेल्या आणि हात दाखवायला लागल्या. मी गिअर टाकला. अप्पा काही सांगेनात. मी म्हटलं, बोला की, चाक कुठं घालू?

"मला काय माहीत? आता तू सांग. काय दिसतंय ते सांगत चल."

मग मी सांगायला लागले. धोंड्याची कड आरशापासून वीतभर आहे. डावीकडे ओलं गवत आहे. सिस्टर थांबा म्हणतायत. आता या म्हणतायत. एक पाय दगडावर ठेवलाय त्यांनी, निळी चप्पल आहे. माझा आवाज अजून भांडल्यासारखाच येत होता. अप्पा समोर बघत ऐकत होते, आणि मध्येच मी थांबले की म्हणायचे, पुढे.